कुरालंगा गावाचा सरासरी वेग

कुरालंगा गावातलं इंटरनेट अत्यंत मंद आहे, असा ठराव आमच्या प्रगती मंडळानं सात विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. ठरावाची नोंद मीच केली. मी लेस्टर पास्को, मंडळाचा चिटणीस. पूर्वी गावात माझं औषधाचं दुकान होतं. आता चिटणीसपद तेवढं उरलंय आणि ते मी प्राण गेला तरी सोडणार नाही.

कारण घडलं ते दूरसंचार खात्याच्या पत्राचं. जिल्ह्यातल्या एका गावाला नवीन टेलिफोन केंद्र मिळणार होतं, आणि ज्या गावाचा वेग सर्वांत कमी त्यालाच ते द्यायचं, असं खात्याचं धोरण होतं. म्हणजे उभ्या जन्मात पहिल्यांदाच आम्हाला शेवटचा नंबर पटकावायचा होता. स्पर्धेत दुसरं गाव एकच, पिंडारा. क्रिकेटमध्ये ते आमच्या पुढे, फुटबॉलमध्ये पुढे, जिल्हा प्रदर्शनात केकच्या स्पर्धेतसुद्धा पुढे.

"या खेपेला त्यांना चारी मुंड्या चीत करू," आमचा अध्यक्ष डार्सी हॅमन म्हणाला. "मंदपणात आपला हात कोण धरणार?"

खरंच कोण धरणार? गावाभोवती मेंढ्यांची कुरणं, कुरणांना विजेची कुंपणं आणि कुंपणांच्या कडेकडेनं टेलिफोनच्या तारा. कुंपणात सेकंदाला एक झटका सुटतो, तो तारेत 'टक्' वाजतो, आणि मोडेम बिचारा प्रत्येक टक्‌ला ठेचकाळतो. त्यात खात्यानं काटकसर म्हणून काही ठिकाणी एकाच तारेवर दोन घरं लटकवलेली.

सगळ्यात वाईट हाल ट्रेलोरबाईंचे. बाई ऐंशीच्या, एकट्या. त्यांची तार डार्सीच्या घराबरोबर वाटून घेतलेली आणि डार्सीच्याच कुंपणाला खेटून गेलेली. त्यांच्या लेकीला तिकडे स्कॉटलंडमध्ये मुलगा झाला आणि तिनं त्याचा फोटो ईमेलनं पाठवला. फोटो वरून खाली असा पट्टीपट्टीनं उतरायचा. आधी छत, मग पडदा, मग बाळाची लोकरीची टोपी. टोपीपाशी आला की टक्! लाइन तुटली. रोज तेच.

"अगं, पोस्टानं पाठव की," बाईंनी लेकीला फोनवर सांगून पाहिलं.

"आई, आता पोस्टानं कोण पाठवतं?" लेक म्हणाली. एवढं अद्ययावत बाळ पाकिटात घालायला तिचा जीव होईना.

त्यात बाईंची नजर जायला लागलेली. हिवाळा सरेपर्यंत समोरच्याचा चेहरा दिसायचा बंद होईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. "लेस्टर, तेवढं केंद्र लवकर आण रे बाबा," बाई मला म्हणाल्या. "नाक आमच्या ह्यांच्यावर गेलंय म्हणे. एकदा बघते, मग जाईना का नजर." मी शब्द दिला. चिटणीस म्हणून दिला.

खात्याला तक्ता हवा होता: घरमालकाचं नाव, कनेक्शनचा प्रकार, वेग किलोबिटमध्ये. मी सुवाच्य अक्षरात तक्ता आखला आणि सर्वांच्या सोयीसाठी सभागृहाच्या भिंतीवर, चहाच्या भांड्याशेजारी टांगला. तिथंच माशी शिंकली.

पहिल्या दिवशी सगळं प्रामाणिक होतं. डार्सी, अर्धी तार, एकोणीस. मी, साधी तार, सोळा. ट्रेलोरबाई, अर्धी तार, नऊ. मग मेंढ्यांचा दलाल ब्रॅमवेल आला. त्याची ती नवी डिजिटल लाइन. त्यानं ऐटीत चौसष्ट लिहिले आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. मग दारूच्या गुत्त्याचा मालक आला. त्याच्या छपरावर उपग्रहाची तबकडी. तिच्यावरून इंटरनेटची पानं धाडधाड खाली यायची. पण मागायची ती टेलिफोननंच, आणि तबकडीवर काकाकुव्यांचा थवा बसला की सगळाच आनंद. त्यानं चारशे लिहिले. काकाकुव्यांसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी डार्सीची बायको कॉरी चहाला आली आणि कप हातात तसाच धरून भिंतीकडे बघत राहिली.

"एकोणीस? त्या दलालाचे चौसष्ट आणि आमचे एकोणीस? अहो, चार हजार मेंढ्या आहेत आमच्या!"

मेंढ्यांचा आणि वेगाचा संबंध काय, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. डार्सीनं मुकाट्यानं एकोणीस खोडून अडतीस केले. "पहाटे येतो एवढा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. ते पाहून त्याच्या शेजाऱ्यानं चाळीस केले. आठवड्यात खोडरबर झिजून गोटीएवढा झाला. मी पदाची जबाबदारी ओळखून संयम राखला आणि फक्त अठ्ठेचाळीस लिहिले.

सभेत मी आठवण करून दिली, "मंडळी, आपल्याला शेवटचं यायचंय ना?"

"यायचंय की," कॉरी म्हणाली. "गाव येऊ दे शेवटचं. आमचं घर कशाला?"

यावर टाळ्या पडल्या. त्याची नोंद आहे.

मग खात्याचं दुसरं पत्र आलं. शनिवारी सकाळी निरीक्षक घरोघरी येऊन वेग मोजणार. आली का पंचाईत! तातडीची सभा भरली. नऊ ते अकरा सगळ्यांनी कुंपणं बंद ठेवायची, निरीक्षक ज्या घरात असेल ते सोडून कुणी फोनला हात लावायचा नाही, असं एकमतानं ठरलं. ट्रेलोरबाईंना डार्सी स्वतः जाऊन सांगून आला, "बाई, तुमची तार आमच्यातच आहे. तेवढे दोन तास कृपा करा."

बाईंनी कृपा केली. वर्षातून एकदाच डार्सीचं कुंपण बंद होतं, तार साफ होती, आणि बाई कॉम्प्युटरसमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

निरीक्षक मोजमाप करत फिरत होता तेव्हा डार्सीचे साठ मेंढे हमरस्त्यानं येऊन लॉन बोलिंगच्या खेळासाठी राखलेल्या हिरवळीवर चरायला लागले. हाकलायला कुणी हललं नाही. हाकललं असतं तर कुंपण बंद का, हा प्रश्न आला असता.

"हे असेच मोकळे असतात?" निरीक्षकानं विचारलं.

"वळण आहे त्यांना," डार्सी म्हणाला.

वेग आम्ही लिहिला होता तेवढा भरला नाही, पण सरासरी एकतीस भरला. बाईंचे तक्त्यातले नऊ तर त्यानं न मोजताच 'वयोमानपरत्वे हाताळणीतील चूक' असा शेरा मारून वगळले. महिन्याभरात आम्हाला 'समाधानकारक वेगाचे गाव' असं प्रमाणपत्र आलं. ते चौकटीत घालून लावलंय. केंद्र पिंडाराला गेलं. त्यांनी जो होता तोच आकडा लिहिला होता, चौदा. जनाची नाही, मनाची तरी!

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण एका दुपारी ट्रेलोरबाई माझ्या दारात उभ्या. एका हातात खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचं ताट, दुसऱ्या हातात तक्त्याची नक्कल.

"साध्या तारेत तूच सगळ्यांत वर आहेस, लेस्टर," त्या म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस! मी म्हटलं, केंद्र गेलं तर गेलं. तुझ्याकडे उतरवून घेऊ बाळाला."

काय सांगणार? बसवलं. छत आलं. पडदा आला. टोपी आली. टक्!

"आज काहीतरी बिनसलंय," मी म्हणालो. "एरवी चांगला चालतो."

बाईंनी माझ्या नावावर काट मारली आणि ताट उचलून खालच्या नावाकडे गेल्या. तक्त्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता; अक्षर माझं होतं ना. सबंध जून महिना, म्हणजे आमचा ऐन हिवाळा, बाई दारोदार हिंडल्या. दलालाची डिजिटल लाइन नेमकी दुरुस्तीत होती. गुत्त्यावर काकाकुवे बसले होते. डार्सीकडे टोपी अर्धीच आली. बाईंसाठी अर्धा तास कुंपण बंद करावं, असं कुणाच्याही मनात आलं नाही. केलं असतं तर आकडे कुंपणाशिवायचे, हे कबूल करावं लागलं असतं. सगळ्यांनी केक खाल्ले, टोपीचं कौतुक केलं, आणि सगळे म्हणाले, "एरवी चांगला चालतो."

ऑगस्टात बाई गुरुवारच्या बसनं पिंडाराच्या वाचनालयात जाऊन आल्या. मी थांब्यावर गाठलं.

"दिसला का नातू?"

"अख्खा आला रे, तीन मिनिटांत," बाई म्हणाल्या. "मलाच आता मधलं काही दिसत नाही. नुसता करडा गोळा. कडेकडेचं तेवढं दिसतं." मग म्हणाल्या, "टोपी छान आहे."

इतिवृत्तात मी नोंद केली: 'श्रीमती ट्रेलोर यांनी छायाचित्र पाहिले. वेगाबद्दल तक्रार नाही.'

माझ्याकडे असे बघू नका. खात्यानं यंदा फेरतपासणी काढलीय आणि तक्त्यात एक ओळ रिकामी आहे. तुमचंच नाव घालतो. आकडा सांगा. आणि हो, तक्ता भिंतीवर लागणार आहे, शेजाऱ्याच्या नावाखाली.