सहा किलोंच्या कुरडया

जुईनगरच्या आमच्या नवनिर्मल सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर, वेणूबाई नावाची एक गंभीर समस्या राहते. प्लास्टिक पुनर्चक्रण समितीचा सचिव या नात्याने ही समस्या प्रथम माझ्याच लक्षात आली, हे नम्रपणे नमूद करतो. सलग तीन महिने या बाईंच्या घरातून आमच्याकडे प्लास्टिक आलं नव्हतं. साधं बाटलीचं झाकणसुद्धा नाही.

नियम सोपा आहे. प्रत्येक घराने दरमहा किमान दोन किलो प्लास्टिक पुनर्चक्रणासाठी जमा करायचं. करणाऱ्याचं नाव जिन्याखालच्या फळ्यावर हिरव्या खडूने, न करणाऱ्याचं लाल. ज्या सोसायटीचं वजन जास्त, ती पर्यावरणाची जास्त मित्र, असं रीतसर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर तारे असतात. आमचे दोन तारे झाले होते. तिसऱ्यासाठी शुक्रवारी तपासणी होती आणि फळ्यावर लाल नाव एकच उरलं होतं. तेव्हा अध्यक्ष श्यामसुंदरराव यांनी सोमवारी ठराव केला, की लाल नावाला गच्चीची किल्ली द्यायची नाही.

वेणूबाईंनी रविवारीच गहू भिजत घातले होते.

बुधवारी संध्याकाळी त्या समितीच्या टेबलाशी आल्या. "सायेब, नातीचं लगीन हाय, श्रुतीचं. रुखवतात कुरडया मांडायच्यात. गहू वाटून ठिवलेत, चीक उद्या सकाळी शिजवायलाच पायजे. न्हाईतर आंबून वाया जाईल. किल्ली द्या."

"देऊ ना, आजी," मी म्हणालो. "आधी तीन महिन्यांचं सहा किलो प्लास्टिक द्या."

"आमच्यात कचराच निघत न्हाई. पिशवी कापडाची. दुधाच्या पिशव्या धुऊन ठिवते, त्या दिवाळे गावची कोळीण गोजरा म्हावरं इकायला येती ती घिऊन जाती."

"कचरा निघत नाही, असा फॉर्मात रकाना नाही," श्यामसुंदरराव मायेने म्हणाले.

तरी आमची समिती माणुसकी असलेली. आम्ही लगेच घराची पाहणी केली. वजनप्रमुख प्राची स्वयंपाकघरात शिरली आणि थबकलीच. फळीवर श्रीखंडाचे अकरा डबे ओळीने उभे होते. मोहरी, जिरं, हळद, साबुदाणा. त्यातला एक तर श्रुतीच्या बारशाचा, झाकणावरचं चित्र पार पुसलेलं.

"आजी! एवढं प्लास्टिक दडवून ठेवलंय तुम्ही?"

"दडवलंय कुठं? वापरतीया की."

"तेच ना! तुम्ही परस्पर वापरताय, म्हणून ते पुनर्चक्रणाला मिळत नाही. त्यापेक्षा ॲपवरून ऑर्डर करा. कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा डबा येतो. काही टेन्शन नाही, महिन्याला तीन किलो आरामात."

वेणूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. मोहरी वर्तमानपत्रावर ओतली. अकरा डबे, दोन बादल्या, पाण्याचा ड्रम. काटा साडेतीनवर येऊन थांबला. तेवढ्यात प्राचीला खाटेखाली जाड प्लास्टिकच्या कागदाची मोठी घडी दिसली.

"त्यो नको, पोरी. बारा वर्सं त्याच्यावरच कुरडया वाळवती. कापडावर चिकटत्यात."

"पण मग किल्ली कशी देणार, आजी?"

कागद अडीच किलो भरला. बरोब्बर सहा. वेणूबाईंनी तो काट्यावर ठेवण्याआधी हाताने एकदा पुसला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सचिवाला वाईट वाटल्याचाही फॉर्मात रकाना नाही.

गुरुवारी सकाळी किल्ली हातात पडताच त्या म्हणाल्या, "आता दोन दिस माजा कागद द्या. हितंच जिन्याखाली पडलाय, दिसतोय मला."

"जमा झालेलं प्लास्टिक पुनर्चक्रणात गेलं, आजी," श्यामसुंदरराव म्हणाले. "फक्त गाडी यायची बाकी आहे." ही गाडी होळीपासून बाकी आहे. "तुम्ही नवीन आणा की. पुढच्या महिन्याच्या वजनाचीही सोय होईल!"

चीक गरम असतानाच सोऱ्यातून घालावा लागतो. पातेलं, सोऱ्या आणि श्रुतीला घेऊन वेणूबाई गच्चीवर गेल्या.

शुक्रवारी तपासणी अधिकारी आले, इमारतीकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, "तुमचा फलक कुठाय?"

'प्लास्टिकमुक्तीकडे वाटचाल' हा बारा फुटी फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले श्यामसुंदरराव. गच्चीच्या कठड्यावरून तो नाहीसा झाला होता. नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. आम्ही सगळे धावत वर गेलो.

फ्लेक्स गच्चीवर पालथा अंथरला होता आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर शंभरेक कुरडया वाळत होत्या. एक कोपरा दुमडलेला, त्यातून अध्यक्षांचे जोडलेले हात तेवढे दिसत होते. वेणूबाई काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या.

"हे काय चाललंय?" श्यामसुंदरराव ओरडले.

"धुऊन घेतलाय, सायेब. आन् उलटा घातलाय. तुमच्या तोंडावर एक बी कुरडई न्हाई."

अधिकाऱ्यांनी एक अर्धवट वाळलेली कुरडई उचलली, चावली, विचार केला आणि कागदावर लिहिलं: 'टाकाऊ फ्लेक्सचा घरगुती पुनर्वापर. अनुकरणीय.'

"आमच्या समितीचीच कल्पना," श्यामसुंदरराव म्हणाले.

तिसरा तारा मिळाला. चषकही मिळाला, प्लास्टिकचा, टचटच फुटणाऱ्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये सात वेढे गुंडाळलेला. वेढे आम्ही त्याच दिवशी वजनात धरले. श्रुतीचं लग्न छान झालं. रुखवतातल्या कुरडयांचं पाहुण्यांनी फार कौतुक केलं आणि मीही दोनदा मागून घेतल्या.

फ्लेक्स मात्र वेणूबाईंनी परत दिला नाही. 'फुडल्या वर्षी लागंल' म्हणून घडी घालून खाटेखाली ठेवला. मोहरी कागदाच्या पुडीत ठेवतात. फ्लेक्स सोसायटीचा, तो वजनात धरता येत नाही, आणि जमा करायला घरात आता दुसरं काहीच उरलेलं नाही, त्यामुळे त्यांचं नाव पुन्हा लाल झालं आहे. नाइलाज आहे.

आमच्या घरचं दरमहा साडेचार किलो भरतं, नाव कायम हिरवं. तुमचंही तेवढं भरत असेलच, आजचीच कोथिंबीर कशातून आली ते आठवून बघा. अभिनंदन. फळ्यावर आपण शेजारी शेजारी आहोत.