मौनीबाबा आणि गाडीतलं धप्प

गाडीच्या स्टिरिओत आवाज मोठा करणारी एक चिप असते. तिला गप्प बसवणं हा माझा धंदा आहे. चेष्टा नाही! गाडी सुरू होताना ती अर्धवट झोपेत असते. तेवढ्यात तिला तोंड उघडू दिलं की स्पीकरमधून 'धप्प!' येतं. म्हणून ती नीट जागी होईपर्यंत तिचं तोंड दाबून धरायचं. याला आम्ही म्यूट म्हणतो. बारा वर्षं मी हेच करतोय. ऑफिसात मला 'मौनीबाबा' म्हणतात, आणि मला त्याचा अभिमान आहे!

"जगाच्या गाड्या गप्प केल्यास, आपली तेवढी राहिली," बायको म्हणाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आमची चार महिन्यांची ठकी फक्त गाडीत झोपायची, तीही अंगाई लावली तर. पण वाटेत कुठे थांबून परत चावी फिरवली की धप्प! मी दचकून मागे वळायचो, विचारायचो, "उठली का गं?" आणि ठकी उठलेलीच असायची. बायकोला चार महिन्यांत सलग दोन तास झोप नव्हती. परवा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि मुकाट्याने प्यायली. मला फार वाईट वाटलं.

"रविवारी हे धप्प संपवतो! नाही संपवलं तर नावाचा मौनीबाबा नाही!"

रविवारी सासरे उजेडासाठी बॅटरी धरायला आले. मी स्टिरिओ उचकटून आतला एक कपॅसिटर बदलला.

"जावईबापू, हे वाटाण्याएवढं काय करतं?"

"बाबा, यात वीज भरेपर्यंत चिप गप्प बसते. मोठं लावलं की जास्त वेळ गप्प. मी बरोबर दोन सेकंदांचं गणित केलंय."

गणित बरोबरच होतं हो! फक्त डबीतून उचललेला कपॅसिटर दहापट मोठा होता. हे तेव्हा कळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

ठकी त्या दिवशी रडून दमून घरातच कशीबशी झोपली होती. तिला घेऊन बायको मागे बसली, सासरे माझ्या शेजारी. मी श्वास रोखून चावी फिरवली. धप्प नाही! मी सासऱ्यांच्या कानात पुटपुटलो, "गेलं की नाही धप्प?"

"गेलं," तेही पुटपुटले. "पण गाणंही गेलं."

खरंच की! सासऱ्यांनी आवाजाचं बटण थोडं फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं. काही नाही. मी हातवारे करून 'थांबा, थांबा' म्हणतोय, तोवर त्यांनी ते पार शेवटापर्यंत पिळलं. आणि विसावा सेकंद भरला!

चारही स्पीकरांतून अंगाई अशी कोसळली की सासऱ्यांचं डोकं छताला आपटलं. मी आवाज बंद करायला गेलो आणि वायपर सुरू केले. समोरच्या घरातल्या तीन खिडक्या उघडल्या. एकदाची चावी हाताला लागली आणि मी गाडी बंद केली.

भीत भीत मागे पाहिलं. ठकी तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली! बायको डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होती. मला राहवलं नाही.

"उठली का गं?" मी हळूच विचारलं.

ठकीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि टाहो फोडला.

"अरे देवा!" बायको म्हणाली. "म्हणजे धप्पाने ही कधी उठलीच नाही! चार महिने तू उठवतोयस तिला!"

"जावईबापू," सासरे डोकं चोळत म्हणाले, "कपॅसिटर भलत्याच जागी बसवलात."

आता तो काढून टाकलाय. गाडीत धप्प पूर्वीसारखं येतं. नियम एकच: चावी फिरली की वीस सेकंद मी तोंड उघडायचं नाही. काल मागच्या सीटवर मायलेकी दोघीही तासभर घोरत होत्या. त्यामुळे ऑफिसातलं माझं नाव आता घरीही लागू झालंय.