मनवेलकाकांच्या सिनेमात कोणी मरत नाही

मनवेलकाका दर शुक्रवारी संध्याकाळी मस्कतच्या रुवी भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना जुने इराणी गुन्हेगारी सिनेमे दाखवतात. त्यात सुरे चालतात, पिस्तुलं धडाडतात, छातीतून रक्ताची चिळकांडी उडते. पण गेल्या महिन्यापर्यंत त्या घरात एकही माणूस मेलेला नव्हता. काका कोणाला मरूच देत नसत!

थांबा, नीट सांगतो. काका वसईचे. गाला नावाच्या इथल्या कारखान्यांच्या भागात, एका गॅरेजात ठोकलेल्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात. तिथला इराणातल्या शिराझचा मेकॅनिक जमशेद, त्याने त्यांना एकदा सिनेमांनी भरलेला पेन ड्राइव्ह दिला आणि माणूस हातचा गेला. काकांना फारसी येते ती 'सलाम' आणि 'खुदाहाफिज' एवढीच. पण त्याने काय अडतंय? टीव्हीचा आवाज बंद करायचा, बाजूला स्टूल टाकून बसायचं आणि गुंड, पोलीस, नाचणारी बाई, तिची आई, सगळ्यांचं मराठी आपणच बोलायचं.

"अहो काका, पण हे संवाद तुमच्या मनाचे!" मी पहिल्याच शुक्रवारी म्हणालो. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि एका ट्रेडिंग कंपनीत हिशेब तपासतो. खोड जायची कशी?

"जमशेद सांगतो, तिकडे त्या काळी नटाचा आवाज नटाचा नसायचाच. मागून दुसराच कोणी बोलायचा. मग तिसरा बोलला तर तुझं काय जातं?"



मध्येच सिनेमा थांबवून पडद्याला बोट लावायची काकांना भारी हौस. "बघ, बघ! तेहरानच्या एवढ्या उन्हात या गड्याने ओव्हरकोट घातलाय. का?"

"का?"

"कारण कोट अमेरिकेहून आलाय! टोपी तिरकी घालायची ऐट फ्रान्सची. अंधार जर्मनीचा, एकदम असली माल. मारामारी आपल्या हिंदी पिक्चरची. आणि रडणं? ते घरचं. ते इराणीच."

भिंतीवर खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांची सावली पडते आणि खोलीला खिडकीच नसते, हेही त्यांनीच मला दाखवलं. हीरो टोळीच्या टोळी लोळवतो, पण डोक्यावरची टोपी हलत नाही. मी म्हटलं, "काका, हे सगळं खोटं आहे." तर म्हणाले, "मग! खरं बघायचं असेल तर सकाळी गालाला ये. खरं तिकडे फुकट दिसतं." आईशप्पथ, अंगावर काटा आला माझ्या. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा भक्त झालो.

आणि मरणाच्या प्रसंगाला तर काकांची कमालच. हीरोला गोळी लागली, कोसळला, की काका त्याच्याच आवाजात म्हणणार, "काही नाही रे, उन्हाने चक्कर आली. सरबत आणा." एकदा दफनाचा प्रसंग आला. माणसं खड्डा खणतायत, बायका ऊर बडवतायत. मी मनात म्हटलं, आता कुठे जाल? काका शांतपणे म्हणाले, "खजुराचं रोप लावतायत. यल्ला, चला, पाणी घाला."

"मग बायका का रडतायत?"

"मागचं रोप जळलं ना!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. हसल्या नाहीत त्या फक्त रेजिनकाकू, काकांची बायको. त्या पुढच्या खुर्चीवर टीव्हीकडे बघत नुसत्या बसायच्या.

त्याचं कारण काकांनी मला एकदा जिन्यात सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा सावियो निझवाच्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेला. तेव्हापासून काकू खोलीतून बाहेर येईनात. इथे रविवारऐवजी शुक्रवारी चर्चमध्ये मिस्सा असते, तीही सुटली. बोलणं सुटलं. या सिनेमाला मात्र एक दिवस आपणहून येऊन बसल्या.

"माणसांत बसते रे ती, एवढंच," काका म्हणाले. "पडद्यावर एक जण जरी मेला ना, तर उठून खोलीत जाईल. मग खलास. परत कसा आणू तिला बाहेर?"

त्यानंतर सिनेमात कोणी नुसतं ठेचकाळलं तरी माझा जीव टांगणीला लागायचा.

आणि मग गेल्या महिन्यातला तो शुक्रवार. काकांचा घसा सकाळपासून बसलेला. आज राहू द्या म्हटलं तर ऐकतील ते काका कसले! हळद घातलेलं दूध पिऊन बसलेच स्टुलावर. आधी गुंड घोगरे झाले, मग पोलीस, मग नाचणारी बाईसुद्धा घोगरी झाली. आम्ही पोट धरून हसत होतो. शेवटी हीरोला सुरा लागला. तो पायऱ्यांवर पडला. त्याच्या आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काकांनी तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. नुसती हवा.

पडद्यावर आईचे ओठ हलत होते. काका घाबरून रिमोटकडे झेपावले, तर काकूंनी त्यांचा हात धरला. आणि त्या आईच्या ओठांबरोबर काकूच बोलू लागल्या.

"जा बाबू, जा आता. तुझे बाबा तुला जाऊच देत नाहीत. दर शुक्रवारी उठवून बसवतात. मी काही बोलले नाही. म्हटलं, त्यांना तेवढाच आधार. म्हणून येऊन बसत होते. पण तू दमला असशील रे. तू जा. त्यांच्याजवळ मी आहे."

आम्ही कोणी एकमेकांकडे बघू शकलो नाही. इतके दिवस कोण कोणाला सांभाळत होतं, ते मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात पडद्यावर हीरोचा म्हातारा बाप धावत आला. गुडघ्यांवर बसला आणि मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगू लागला. हे बोलणं काकांचं होतं. त्यांनी सगळा जीव एकवटला. गळ्याच्या शिरा फुगल्या, ओठ थरथरले, डोळ्यांतून धारा लागल्या, पण शब्द काही फुटेना.

काकूंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "त्याला ऐकू गेलं."