अस्वलाची आंघोळ आणि बालवाचन समिती

बालसाहित्य ही मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी अत्यंत गांभीर्याने करायची गोष्ट आहे. मोठी माणसं लिहितात, मोठी छापतात, मोठीच विकत घेतात आणि मोठीच त्याला बक्षिसं देतात. या सुरळीत कारभारात मुलं आली की घोळ होतो, कारण मुलं पुस्तक वाचतात.

हा घोळ वाचनालयाच्या बालविभागात ग्रंथपाल बाईंना रोज निस्तरावा लागे. वाचलेल्या पुस्तकाची दशा काय सांगावी! कोपरे दुमडतात, जॅमचे डाग पडतात, हत्तीला पेनाने मिशा फुटतात. म्हणून बालवाचन समितीने एक शास्त्रशुद्ध नियम केला होता. दरवर्षी फाटकी पुस्तकं बाद करून लगद्याला धाडायची आणि कोरी करकरीत तेवढी ठेवायची. फाटकं पुस्तक म्हणजे ज्याचा मुलांनी अनादर केला ते. (ज्याला कुणी हातच लावला नाही त्याचा आदर केवढा असेल, याची कल्पनाच केलेली बरी.) या नियमामुळे बालविभाग वर्षागणिक देखणा होत चालला होता. पाहुणे येत आणि म्हणत, "वा, काय शिस्त आहे!" होतीच. चिटपाखरूही फिरकत नसे.

या शिस्तीला एकट्या एका अस्वलाने काळिमा फासला होता. पुस्तक जुनं, पातळसं. अस्वल आंघोळीला जातं आणि बाहेरच येत नाही. त्याला बोलवायला कोल्हा जातो, तोही आतच. कोल्ह्याला बोलवायला म्हैस जाते. मग घरमालक जातो. संपली गोष्ट. नववं पान कुणीतरी चावलेलं, बांधणी निव्वळ चिकटपट्टीच्या कृपेने तगलेली, आणि ते घरी न्यायला पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत. बाईंचाही त्या अस्वलावर भारी जीव होता. दुपारी सामसूम झाली की त्या म्हैस आत शिरते ते पान काढत आणि तोंडाला रुमाल लावून हसत. दरवर्षी तपासणीच्या दिवशी ते कुणाच्या तरी घरी असायचं, यंदा मात्र समितीच्या हाती लागलं आणि बाद ठरलं. जगात दुसरी प्रत उरली नव्हती.

त्या तडक प्रकाशकांकडे गेल्या. अस्वल त्यांच्याच वडिलांनी छापलेलं. प्रकाशक भले गृहस्थ. बालसाहित्यावर इतकी निष्ठा, की त्यातलं एकही पुस्तक उघडून त्यांनी खराब केलं नव्हतं. टेबलावर नवी मालिका मांडली होती: 'पाळण्यातलं नेतृत्व', 'रांगता रांगता नियोजन' आणि सगळ्यांत अव्वल 'माझं पहिलं वेळापत्रक'. (वयोगट शून्य ते सहा. शून्याच्या आधीही चालेल, असं बालमानसतज्ज्ञांनी कळवलं होतं.) पाहणीनुसार शंभरातले एकशेदोन पालक मालिकेवर खूश होते. दोघांनी उत्साहाच्या भरात दोनदा मत दिलं होतं.

"अहो, आपलं अस्वल परत छापा ना," बाई म्हणाल्या.

"छापू की! पण त्यातून मूल शिकतं काय?"

"हसतं हो, पोट धरधरून."

"हसू दे बिचारं. पण शिकतं काय?"

बाईंनी डोकं खाजवलं. "आंघोळ आहे... म्हणजे स्वच्छता?"

"मग हे आधी नाही का सांगायचं!" प्रकाशक खुर्चीतून उठलेच. सुधारित आवृत्ती तिथल्या तिथे ठरली. अस्वल दुसऱ्या पानावर अंग पुसून बाहेर येतं, तिसऱ्यावर पाणी वाचवण्याची शपथ घेतं आणि उरलेली पानं पालकांना मार्गदर्शन. म्हैस रद्द. (म्हशीमुळे शिस्तीविषयी चुकीचा संदेश जातो.)

"म्हैस नाही, तर काहीच नको," म्हणून बाई तणतणत उठल्या. पण उठता उठता त्यांना एक गोष्ट दिसली. या घराण्याची सगळी पुस्तकं वडिलांच्या काळापासून एकाच मापाची होती. दिवाणखान्यात ओळीने शोभून दिसावीत म्हणून.

वाचनालयात परतल्यावर बाईंनी दार लावून घेतलं, ब्लेड आणि डिंक काढला आणि कपाटात नुकत्याच आलेल्या 'वेळापत्रका'च्या चकचकीत वेष्टनात अस्वल बसवलं. अस्वलाच्या फाटक्या वेष्टनात वेळापत्रक गेलं. दुसऱ्या दिवशी समितीच्या साक्षीने ते लगद्याला रवाना झालं. अध्यक्ष दोन शब्द बोलले. उघडून कुणीच पाहिलं नाही, कारण तशी पद्धत नाही.

तेव्हापासून 'वेळापत्रका'वर उड्या पडताहेत. परवाच एक आई सांगत होती, "बाई, आमचं कार्टं वेळापत्रक वाचून गडाबडा लोळतं हो! झोपतानासुद्धा तेच लागतं."

"शिस्तीची गोडी लागली असेल," बाई गंभीरपणे म्हणाल्या.

बालमानसतज्ज्ञांनी 'नियोजनातून हर्षोल्हास' या विषयावर भाषणं सुरू केली आहेत. प्रकाशकांनी वेळापत्रकाच्या आणखी प्रती छापल्या. त्या सर्वत्र अत्यंत आदराने पडून आहेत. त्याचाही उपयोग होतो. अस्वलाचं वेष्टन फाटलं की बाई त्यांतल्या एका प्रतीचं काढून चढवतात.

आता हे सगळं इथे उघडउघड छापून आलं, बाईंचं बिंग फुटणार, अशी काळजी कुणाला वाटेल. बाई मात्र निर्धास्त आहेत. पालक पुस्तकाचं मलपृष्ठ वाचतात, वयोगट बघतात आणि पुस्तक पोराच्या हातात देऊन मोकळे होतात. ती प्रत आत्ताही कुणाच्या तरी घरी गेली आहे. पलीकडच्या खोलीतून खिदळण्याचा आवाज येतोय ना? येऊ द्या. वेळापत्रकच वाचतंय ते. तुम्ही नका उठू.