पोटातल्या मालाला कस्टम नाही

"तू फक्त दाराशी येऊन उभी राहा," मास्तर फोनवर बायकोला म्हणाले होते. "मुलं, सामान, कागद, सगळं माझ्यावर सोड. लोण्यातून केस काढावा तसा कस्टममधून अलगद बाहेर येतो की नाही बघ!"

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंग स्कूलमधले. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे जगात कुठेही काही बिघडायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. दूध उतू चाललं, पाय! धाकटीने काचेच्या बरणीला हात घातला, पाय! दूध उतू जायचंच, बरणी फुटायचीच, पण मास्तरांना आपण वेळेवर ब्रेक मारल्याचं समाधान मिळे.

बायको नर्स. वर्ष होत आलं, ती परदेशातल्या एका इस्पितळात नोकरीला होती. आता कुठे तिला राहायला घर मिळालं, मुलांचे कागद झाले, आणि मास्तर दोन्ही पोरांना घेऊन निघाले. थोरला नऊ वर्षांचा. तिकडची भाषा शाळेत शिकलेला, आणि खरं बोलण्याच्या बाबतीत अगदी हाताबाहेर गेलेला. वर्गात कोण बोललं असं बाईंनी विचारलं, की हा आधी स्वतःचं नाव सांगायचा! धाकटी पाच वर्षांची. तिला भाषा एकच आणि देव एकच, फोनमधली आई. 'आई फोनवर म्हणाली' एवढं तिने म्हटलं की घरातला कोणताही वाद तिथेच संपायचा. आजोबांचंसुद्धा त्यापुढे काही चालायचं नाही. वर्षभर आईचा फक्त शब्दच तिच्याजवळ होता, म्हणून तो तिने जिवापाड सांभाळला होता.

घोळ केला तो संत्र्यांनी. निघताना आजीने मास्तरांच्या पिशवीत डझनभर संत्री कोंबली. विमान उतरायला थोडाच वेळ उरला असताना थोरल्याने समोरच्या खिशातलं माहितीपत्रक वाचून जाहीर केलं, "बाबा, फळं न्यायला बंदी आहे. सापडली तर दंड."

"मग टाकून देऊ," असं दुसरा कोणी म्हणाला असता. पण अन्न टाकायचं नाही, हा मास्तरांवरचा लहानपणीचा संस्कार. त्यांनी बाह्या सरसावल्या.

"खा! कस्टमच्या आत सगळी संपवायची! एकदा पोटात गेलेल्या मालाला कस्टम नाही. पोटातलं कोण बघतंय?"

डझनभर संत्री आणि खाणारी तोंडं तीन! थोरला प्रत्येक बी नीट कागदात थुंकत होता. मास्तरांना तेवढी सवड कुठली? ते फोडी बियांसकट घशाखाली ढकलत होते. शेवटची फोड धाकटीच्या वाट्याला आली आणि तेवढ्यात पट्टे बांधायचा दिवा लागला.

"बाबा, बी कुठे टाकू?" धाकटीने भरल्या तोंडाने विचारलं.

"गिळ! गिळून टाक लवकर!"

तिने गिळली. आणि मग तिचे डोळे असे काही मोठे झाले, की मास्तरांनी ते बघायला हवे होते. पण ते सालं लपवण्यात गुंतले होते. त्यानंतर पोरगी एक शब्द बोलली नाही. 'वळण लागलंय पोरीला,' असं म्हणून मास्तर मनातल्या मनात स्वतःवरच खूष झाले.

कस्टमच्या रांगेत भिंतीवर एक भलंमोठं चित्र होतं. त्यात फळ, कोंबडी आणि कुंडीतलं रोप, आणि तिघांवर लाल फुली.

"दादा, ते काय?" धाकटीने हळूच विचारलं.

"झाडं आत न्यायला बंदी. सापडलं तर ठेवून घेतात."

"झाडाला, की माणसाला?"

थोरल्याने नीट विचार केला. "ज्याच्याकडे सापडेल त्यालापण ठेवत असतील."

झालं! पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. पलीकडे काचेचं दार होतं. त्या दाराबाहेर आई उभी होती. आणि मध्ये टेबलापाशी होत्या कस्टमच्या बाई. उंच, चष्मेवाल्या, हसण्याची काटकसर करणाऱ्या.

"खाण्याचे पदार्थ, झाडं, प्राणी, असं काही?" बाईंनी त्यांच्या भाषेत विचारलं. एवढं मास्तरांनी पाठ करून ठेवलं होतं.

"नाही, नाही, नाही!" ते तोंडभर हसून म्हणाले. एकदा म्हणून भागलं असतं. बाईंनी चष्म्यावरून आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलांकडे.

आणि धाकटीचा बांध फुटला.

"माझ्या पोटात आहे!" तिने भोकाड पसरलं. "मी गिळलंय! बाबा म्हणाले, गिळून टाक!"

मास्तरांचा पाय खाडकन जमिनीवर दाबला गेला. पण विमानतळाला ब्रेक कुठला! कोणी विचारायच्या आधीच थोरल्याने भाषांतर केलं. "ती म्हणते, तिच्या पोटात आहे. वडिलांनी गिळायला सांगितलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वडील आणखी काय म्हणाले?"

"कस्टमच्या आत संपवायचं. पोटातलं कोणी बघत नाही."

एका मिनिटात तिघंही आतल्या खोलीत होते. भिंतीला टेकलेल्या खुर्च्या, एक टेबल, वर पांढराशुभ्र दिवा, आणि बाईंच्या मदतीला दोन धिप्पाड माणसं. बॅगा त्यांनी कुठेतरी नेल्या.

"काय गिळलं तिने?" बाईंनी थोरल्याला विचारलं. थोरल्याने तोंड उघडलं, तोच मास्तर त्याच्या कानाशी फिसकारले, "संत्र्याचं नाव काढू नकोस! फळांना बंदी आहे ना!"

हे फिसकारणं दोघाही धिप्पाडांनी पाहिलं. 'बी'ला तिकडे काय म्हणतात हे थोरल्याला येत नव्हतं, ते बहुधा पुढच्या इयत्तेत होतं. मग मास्तरांनी स्वतःच सूत्रं हाती घेतली. तिकडच्या भाषेतले शब्द त्यांना मोजकेच येत होते.

"छोटा!" ते बोटांनी माप दाखवत म्हणाले. "गोल! पांढरा! काही नाही, चांगला! ती एक. मी," आणि आपण किती बिनधास्त आहोत हे पटवायला त्यांनी छातीवर हात ठेवला, "मी दहा-बारा!"

दोन्ही धिप्पाड एकेक पाऊल पुढे सरकले.

"दहा-बारा?" बाई म्हणाल्या.

"घरी पण! नेहमी!"

धिप्पाडांपैकी एकाने जाऊन दार लावून घेतलं. बाईंनी फोन उचलला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या. मग थोरल्याकडे वळून काहीतरी सांगितलं. थोरल्याने ते बाबांना जसंच्या तसं ऐकवलं, "डॉक्टर येतायत. जे पोटात आहे ते बाहेर येईपर्यंत आपल्याला इथेच ठेवणार आहेत."

"बाहेर येईपर्यंत?" धाकटी रडता रडता थांबली. "दादा, झाड बाहेर यायला किती दिवस लागतात?"

"संत्र्याला? पाच-सहा वर्षं."

आता जो टाहो फुटला त्याने टेबलावरचा ग्लास थरथरला. "मला आईकडे जायचंय! मला आईकडे जाऊ दे ना!" मास्तरांनी तिला उचलून कडेवर घेतलं. फोनवर मारलेल्या बढाया त्यांना एकेक करून आठवायला लागल्या. वर्षभर ही पोर आईचं नाव काढून कधी रडली नव्हती. रडली तर आईला वाईट वाटेल, म्हणून. आणि आता आई शंभर पावलांवर उभी असताना हिला रडवलं कोणी, तर आपण!

तेवढ्यात फोनवर मराठी जाणणारा कोणी दुभाषा मिळाला. मास्तरांना देव भेटल्यासारखं झालं. पण दुभाष्याचं मराठी सरकारी फाइलमधून उठून आलेलं होतं.

"सदर बालिकेस विचारण्यात येत आहे," फोनमधून आवाज आला, "की तिच्या उदरात काय आहे?"

"उंदीर?" धाकटी किंचाळली. "माझ्या पोटात उंदीर नाहीये!"

दुभाष्याने इमानेइतबारे भाषांतर केलं. बाई चकित झाल्या. उंदराचा विषय त्यांनी काढलाच नव्हता! त्यांनी एकवार भिंतीवरच्या कोंबडीकडे पाहिलं, म्हणजे इथेही ते चित्र होतंच.

"तर मग काय आहे?"

"बी!"

"काय?" फोन खरखरला.

"बी! बी! बी!"

दुभाषा घुटमळला आणि मग इंग्रजी बाराखडीवर विश्वास ठेवून त्याने सांगून टाकलं, "ती म्हणते, तिच्याकडे 'बी' आहे."

"अच्छा," बाईंचे डोळे बारीक झाले. "मग 'ए' कोणाकडे आहे?"

खोलीतल्या सगळ्या माना थोरल्याकडे वळल्या. सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. "मी गिळलं नाही," तो त्यांच्याच भाषेत म्हणाला. "मी माझं विमानात थुंकून टाकलं."

"अरे, गप्प बस!" मास्तर ओरडले. त्यांचा पाय आता सारखाच जमिनीवर दाबला जात होता. ते पाहून एक धिप्पाड त्यांच्या बुटाकडे संशयाने बघायला लागला. बूट काढायला लावले. बुटात काही नव्हतं. मोज्याला मात्र भोक होतं, आणि त्यातून अंगठा सगळ्यांना बघत होता.

शेवटी मार्ग काढला तो धाकटीने. तिने नाक पुसलं, टेबलावरचं पेन आणि कागद ओढला आणि चित्र काढायला बसली. एक मुलगी. मुलीचं भलंमोठं गोल पोट. पोटात झाड, झाडाच्या फांद्या कानांतून बाहेर आलेल्या, फांद्यांना गोल गोल संत्री. दूर कोपऱ्यात एक चौकोन, चौकोनात एक बाई. आणि मुलगी आणि चौकोनाच्या मध्ये एक बंद दार.

बाईंनी चित्र हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मास्तरांना वाटलं, रागाने. पण बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि चित्र धिप्पाडांपुढे धरलं. धिप्पाडांपैकी एक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याची पाठ गदागदा हलायला लागली.

"संत्रं?" बाईंनी विचारलं.

"संत्रं," मास्तर कसेबसे म्हणाले. "बी. हिला सांगा हो, झाड-बिड काही येत नसतं म्हणून! मघापासून मी काय सांगतोय!" खरं तर हे त्यांनी मघापासून एकदाही सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांना नको म्हणून कळवलं, बॅगा परत आल्या. बाई धाकटीसमोर गुडघ्यावर बसल्या आणि थोरल्याच्या तोंडून म्हणाल्या, "पोटात झाड येत नाही. तू जाऊ शकतेस."

धाकटी जागची हलली नाही. "पण आई फोनवर म्हणाली, बी गिळली की झाड येतं."

आता आली का पंचाईत! बाईंचं खातं मोठं असेल, पण या खटल्यात आईवर अपील नव्हतं. बाई उठल्या. "चल, आईलाच विचारू."

काचेचं दार उघडलं. बाहेर गर्दी ओसरली होती आणि कठड्याला घट्ट धरून, रडून रडून नाक लाल झालेली मास्तरांची बायको उभी होती. "अहो, कुठे होता इतका वेळ!" म्हणत तिने धाव घेतली, थोरल्याला जवळ ओढलं, पण धाकटी बाबांचा हात सोडेना. वर्षभर फोनच्या चौकोनातली आई, ती आता डोक्यापासून पायांपर्यंत समोर उभी! तिने आधी आपला प्रश्न पुढे केला.

"आई, बी गिळली की पोटात झाड येतं ना?"

"अगं वेडे!" आईला हसू आणि रडू एकदम फुटलं. "झाड कुठलं येतंय! तू बिया गिळायचीस, म्हणून मी आपली गंमत केली."

कस्टमच्या बाईंनी समाधानाने मान डोलावली. मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. धाकटीचा चेहरा मात्र हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे तू फोनवर खोटं सांगितलंस?"

"खोटं नाही गं, गंमत..."

"मग तू म्हणाली होतीस ना, मी इकडे आले की आपण परत कधीच लांब राहायचं नाही. ती पण गंमत?"

आईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर बॅगेच्या मुठीकडे बघत होते. तिने खाली बसून लेकीचे दोन्ही हात धरले.

"ते खरं आहे. अगदी खरं."

"आणि झाड?"

आईने एकदा कस्टमच्या बाईंकडे पाहिलं.

"झाडही खरं. येतं झाड."

धाकटीने आईच्या गळ्यात झेप घेतली. दोघी अशा काही बिलगल्या की मास्तरांना समोरचं नीट दिसेना.

कस्टमच्या बाईंनी थोरल्याच्या खांद्यावर टकटक केलं. आई काय म्हणाली? थोरल्याने सांगितलं. बाईंच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या. त्यांनी मास्तरांकडे वळून काहीतरी विचारलं.

"बाबा, त्या विचारतायत, येतं की येत नाही? एकच काय ते नक्की सांगा."

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. मागच्या खोलीचं दार अजून उघडंच होतं. मग त्यांनी बायकोच्या खांद्यावर टेकलेलं ते इवलंसं डोकं पाहिलं. एक डोळा मिटलेला, एक डोळा उघडा, आणि तो उघडा डोळा बाबा काय म्हणतायत हे ऐकत होता.

"येतं!" मास्तर म्हणाले. "सांग त्यांना, माझ्या पोटात तर अख्खी बाग आहे!"

आणि थोरल्याने सांगितलं. एक शब्दही न गाळता.