गठ्ठ्यातली बाई

सिद्धरामला दोन गोष्टींचा भारी अभिमान होता: आपण भुताला भीत नाही, आणि आपल्याला फाडफाड इंग्रजी येतं. पहिली अजून कुणी तपासली नव्हती आणि दुसरी सपशेल थाप होती!

अक्कलकोट रोड एमआयडीसीत संगप्पा शेठचा टॉवेलचा कारखाना. सिद्धराम तिथला सुपरवायझर. दुपारच्या सुट्टीत गठ्ठ्यांमागे आडवा झाला की असा घोरे, की गेटवरच्या वॉचमनला वाटे, माग सुरू झाले! परदेशातली एक बाई टॉवेल बघायला येणार, तिच्याशी बोलणार कोण, असं शेठनं विचारलं आणि सिद्धरामनं छाती फुगवली. "मी हाय की! इंग्रजी म्हंजे आपल्या घरचं पाणी!"

शेठ खूश. बाईनं माल घेतला तर सिद्धरामला शेडच्या धुरळ्यातून उचलून ऑफिसात पंख्याखालच्या खुर्चीवर बसवायचं कबूल केलं.

घरी मात्र त्याची पाचावर धारण बसली. इंग्रजी येत होतं ते त्याच्या बायकोला, रुपालीला. तिनं शिकवायला 'टेक'पासून सुरुवात केली.

"सीट टेक, श्वास टेक, हे ठीक हाय. पण आंगूळ, फोटू, परीक्षा, सगळंच टेक?" सिद्धराम वैतागला. "आमी आंगूळ करतो, फोटू काढतो, परीक्षा देतो!"

"तुमी करा, काढा, द्या. ती लोकं घेत्यात. गुमान पाठ करा!"

शेवटी, सासूसासरे जागे होऊ नयेत म्हणून कुजबुजत, तिनं सगळी वाक्यं त्याच्या जुन्या फोनवर रेकॉर्ड करून दिली. प्रत्येक वाक्यानंतर त्याला म्हणायला जागा सोडून. मग काय, तेच रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा चालू ठेवून सिद्धराम कानात वायर घालून शेडभर ओठ हलवत फिरू लागला. मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू जात नव्हतं. त्यालाही अर्धंच ऐकू येत होतं.

बाई यायच्या दिवशी दुपारी एकाएकी लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले की कान बधिर होतात. बिनखिडक्यांच्या शेडमध्ये पत्र्याखाली काळोख पसरला. कापसाचा धुरळा हवेत तसाच लटकून राहिला. आणि त्या शांततेत, कोपऱ्यातून, एक बाई कुजबुजली.

"टेक अ सीट."

गठ्ठे शिवणारी कमरबी दाभण टाकून किंचाळत उठली. "या अल्ला! मी बसले त्या गठ्ठ्यात कोन तर हाय!"

सगळे गोळा झाले. गठ्ठा गप्प. गोणपाट चहूबाजूंनी शिवलेलं, आत उंदीर शिरायला जागा नाही. मग पुन्हा तोच आवाज आला, खोल, रुईत दाबल्यासारखा.

"टेक अ ब्रेथ."

होता तोही श्वास सगळ्यांनी रोखला! मागावरचा शेखलाल सिद्धरामला पुढे ढकलत म्हणाला, "भाऊ, भूत इंग्रजी हाय. आमाला काय कळणार? तुमीच बोला की!"

आवाज दबलेला होता, तरी सिद्धरामला तो कुठून तरी ओळखीचा वाटत होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. त्याचे ओठ आपोआप हलले.

"टेक युवर टाइम."

क्षणभरानं गठ्ठा कुजबुजला, "टेक युवर टाइम."

लोक मागे सरले. आता गठ्ठ्यापासून नव्हे, सिद्धरामपासून!

"आदी ह्यांनी म्हटलं, मग तिनं!" कमरबी ओरडली. "ह्यांच्याच अंगात हाय ती!"

"टेक अ बाथ," सिद्धरामच्या तोंडून निघालं. "टेक अ बाथ," गठ्ठ्यातून आलं. सिद्धरामला घामानंच आंघोळ झाली. आपल्या तोंडात दुसरंच कुणी शिरलंय की काय! त्यानं छातीवर हात ठेवला, तर खिसा रिकामा. कानातली वायर खाली नुसतीच लोंबत होती! सकाळी गठ्ठ्यात टॉवेल दाबायला वाकला, तेव्हाच फोन वायरीतून सुटून आत घसरला असणार. म्हणजे ही तर रुपाली!

हायसं वाटलं, पण घटकाभरच. कारण शेवटचं वाक्य होतं 'टेक अ रेस्ट'. त्यानंतर रुपालीला रेकॉर्डिंग बंद करायला उशीर झाला होता, आणि तेवढ्या उशिरात त्याच्या थापेचं पितळ उघडं पडत होतं.

"कात्री द्या! गठ्ठा उसवा!"

"भुताला भाईर काडताय? मी न्हाय देनार!" कमरबी कात्री घेऊन पळाली. सिद्धराम दातांनी सुतळी तोडू लागला. नेमके तेव्हाच शेठ पाहुणीला घेऊन आत आले. काळोखात गठ्ठ्याला चावणारा सुपरवायझर बघून दोघं दारातच थिजले.

"टेक अ फोटो," गठ्ठा म्हणाला.

पाहुणीनं मुकाट्यानं मोबाईल काढून फोटो घेतला!

"टेक अ रेस्ट."

सुतळी तुटली, पण उशीर झाला होता.

"अवो, झोपलासा व्हय? एक वाक्य पाठ न्हाय, त्या बाईम्होरं काय बोलणार तुमी? कपाळ माजं!" आणि पाठोपाठ टॉवेलांच्या पोटातून एक दणदणीत घोरणं आलं.

शेखलालनं कपाळावर हात मारला. "आरं, ह्ये भूत तर रोज दुपारी हितंच झोपतंय की!"

शेड हसून हसून लोळली. शेठ तेवढे हसले नाहीत.

"ही गठ्ठ्यातली बाई कोण?"

"घरची हाय," सिद्धराम जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग फोन लाव. आत्ताच बोलवून घे."

रुपाली आली, पाहुणीशी बोलली आणि माल विकला गेला. अजूनही लाईट गेली, माग थांबले, की काळोखातून कुणीतरी हळूच कुजबुजतं, "टेक अ सीट." सिद्धराम ऑफिसच्या काचेकडे बघतो. पंख्याखालच्या खुर्चीवर रुपाली बसलेली असते.