अक्कांचं बटण नंबर दोन

विरजण मागायला गेले, तर शेजारचे अण्णा म्हणाले, "वहिनी, आधी बटण दाबा."

चपला काढताना माझी नजर टीव्हीकडे गेली होती, ती त्यांनी हेरली. टीव्हीकडे बघितलं की बटण दाबायचं, हा त्यांच्या घरचा कायदा. मी पाहुण्यांचं बटण दाबलं, विरजण घेतलं आणि निघताना परत दाबलं. काय करता! गरज माझी होती.

त्याचं असं आहे, लोक टीव्हीवर काय बघतात हे मोजणारं यंत्र आमच्या बोळात फक्त अण्णांकडे बसलंय. घरातल्या प्रत्येकाला एक नंबर. बघायला बसलं की आपलं बटण दाबायचं, उठलं की बंद करायचं. हे कुणाला सांगायचं नाही, अशी कंपनीची ताकीद. म्हणून अण्णांनी बोळातल्या एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणाला बोलू नका हं, लई गुपित हाय."

जन्मभर कचेरीत लोकांच्या अर्जातल्या चुका काढलेला माणूस! पाणी प्यायला उठले तरी बटण बंद. शिंकताना डोळे मिटतात त्याचं काय? "शिंकेला सूट हाय," हे त्यांनीच ठरवलं. झोपेला मात्र सूट नाही. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. मालिका बघताना अक्का पेंगल्या की अण्णा लगेच त्यांचं दोन नंबरचं बटण बंद करायचे. "झोपलेला माणूस प्रेक्षक न्हाय! खोटी नोंद चालणार न्हाय." अक्का दचकून उठायच्या आणि म्हणायच्या, "जळ्ळं मेलं ते यंत्र!"

मग अक्का लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "माझी मालिका तेवढी बंद पडू देऊ नका." त्या गमतीनं म्हणाल्या, पण अण्णांनी ते मनावर घेतलं. देशातल्या मालिका आपल्याच यंत्रावर चालतात, अशी त्यांची पक्की समजूत.

"तुम्ही बघा की मग," मी म्हटलं.

"बायकांची मालिका ती. माझा एक नंबर कोण धरतंय? दोन नंबर दिसला न्हाय तर बंद पाडतील की! ती आल्यावर बघंल काय?"

पण अक्का नसताना दोन नंबर दाबायचा कसा? अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

काल संध्याकाळी मी आमटी द्यायला गेले. अक्कांच्या खुर्चीवर उशी, उशीवर शेंगाचटणीची बरणी आणि बरणीला टेकवलेला मोबाईल. त्याचा कॅमेरा टीव्हीकडे, मोबाईलच्या पडद्यावर पुण्याहून अक्का! यंत्रावर एक आणि दोन, दोन्ही दिवे लागलेले.

"बघतीय की ती! खोटं कुटं हाय ह्यात?" अण्णांचा चेहरा नुसता फुलला होता. "बसा. तुमचं बटण दाबा."

मी मुकाट्यानं दाबलं. थोड्या वेळानं मोबाईलमधून घोरणं ऐकू आलं. बाळाच्या जागरणानं बिचाऱ्या अक्का बसल्या जागी झोपल्या होत्या.

मी संधी सोडते होय! "अण्णा, दोन नंबर बंद करा. झोपलेला माणूस प्रेक्षक न्हाय."

अण्णांचा हात बटणाकडे गेला आणि मागे आला. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"हळू बोला वहिनी. झोपलीय कुटं? डोळं मिटून ऐकतीय ती."

मालिका संपली. अण्णांनी सगळी बटणं बंद केली, टीव्हीही बंद केला. मोबाईल मात्र तसाच चालू. घरभर अक्कांचं घोरणं.

"अण्णा, फोन ठेवायचा राहिला."

"असू दे," ते म्हणाले. "ती गेल्यापासनं घर खायला उठतंय हो. घोरू दे की जरा."